लपवण्यासारखे काही नसलेल्यांचा खासगीपणा

तंत्रज्ञानाविषयी घरात, कट्ट्यावर किंवा लोकलच्या डब्यात जी मते ऐकू येतात, त्यांत एक मत विशेष घट्ट रुजलेले आहे: ज्याने काही वावगे केलेले नाही, त्याला आपली माहिती कोणाकडे गेली तरी भिण्याचे कारण नाही. त्याच्या जोडीला दुसरे मत असते, की मोबाइल हाती घेतला त्याच दिवशी सारे काही कंपन्यांच्या हवाली झाले, तेव्हा आता जपण्यासारखे उरलेच काय. पहिल्या मतात निर्धास्तपणा आहे आणि दुसऱ्यात हताशपणा. पण दोन्हींचा शेवट एकाच कृतीत होतो, ती म्हणजे ॲपने विचारलेल्या प्रत्येक परवानगीला न वाचता होकार देणे. ही मते तपासून पाहायची तर गुन्हेगार, राजकारणी किंवा हेर यांची उदाहरणे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही असते हे गृहीतच धरले जाते. त्यासाठी छंदांकडे पाहणे अधिक योग्य ठरते. पहाटे धावायला जाणारा, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा, पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाला गुण देणारा, घराण्याची वंशावळ जुळवणारा किंवा रात्री रेडिओसंचावर बसून दुसऱ्या खंडातील अनोळखी माणसाशी बोलणारा माणूस काही लपवत नसतो. उलट आपल्या आवडीची गोष्ट दहा जणांना सांगण्यातच त्याचा अर्धा आनंद असतो. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत डिजिटल खासगीपणाविषयी फार मोलाचे शिकवून गेलेले कितीतरी प्रसंग अशाच निरुपद्रवी मंडळींच्या नोंदींतून घडले आहेत.

डिजिटल खासगीपणा म्हणजे व्यक्तीविषयीची जी माहिती यंत्रांत साठते, ती कोणी, कशासाठी आणि किती काळ वापरावी यावर त्या व्यक्तीचा असलेला अंकुश. अमेरिकेतील विचारवंत हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये या विषयाला एक नेमकी बैठक दिली. त्यांच्या मांडणीनुसार कोणतीही माहिती स्वभावतः सार्वजनिक किंवा खासगी नसते. ती ज्या प्रसंगात, ज्या नात्यात दिली जाते, त्या प्रसंगाच्या काही मर्यादा देणारा आणि घेणारा दोघेही न बोलता पाळत असतात, आणि त्या मर्यादा मोडून माहिती भलत्या ठिकाणी वाहू लागली की खासगीपणाचा भंग होतो. डॉक्टरांना सांगितलेला आजार डॉक्टरांकडे असणे योग्यच असते, पण तोच विमा विकणाऱ्याकडे पोहोचला की आक्षेपार्ह ठरतो, जरी आजार तोच आणि शब्दही तेच असले तरी. या दृष्टीने पाहिले की 'लपवण्यासारखे काही आहे का' हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो असे लक्षात येते. विचारायला हवे ते हे, की दिलेली माहिती कोठे जाऊन कशाशी जोडली जाईल.

स्थळाच्या माहितीपासून सुरुवात करावी, कारण आजच्या बहुतेक छंदांच्या मुळाशी ती आहे. उपग्रहांच्या संकेतांवरून आपले ठिकाण ओळखणारी जीपीएस ही व्यवस्था अमेरिकी सैन्याची. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि त्यामुळे दाखवलेले ठिकाण सुमारे शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक मिसळणे बंद करण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत जगभरच्या जीपीएस यंत्रांची अचूकता कितीतरी पटींनी वाढली. या निर्णयाचा उत्सव सर्वप्रथम छंदिष्टांनीच केला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात एका संगणक अभियंत्याने रानात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि ज्यांना शोधता येईल त्यांनी शोधावी असे आवाहन केले. त्यातून जिओकॅशिंग नावाचा जगभर खेळला जाणारा छंद उभा राहिला. तेथे ठिकाण सांगणे हाच खेळ होता आणि ठिकाण होते एका बादलीचे. पुढे फोन खिशात आला आणि ठिकाण माणसाचे झाले.

धावणे आणि सायकल चालवणे यांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. तो होता 'हीटमॅप', म्हणजे जेथे जास्त लोक धावले तेथे जास्त उजळ दिसणारा नकाशा, आणि त्यात सुमारे १ अब्ज व्यायाम-नोंदींतील ३ लाख कोटी स्थानबिंदू मिसळलेले होते. कोणाचेही नाव त्यावर नव्हते, आणि ज्यांनी आपल्या नोंदी खासगी ठेवल्या होत्या त्यांना वगळल्याचे कंपनीने सांगितले. मोठ्या शहरांत हा नकाशा अपेक्षेप्रमाणेच दिसला: रस्ते, बागा आणि समुद्रकिनारे झगमगत होते. परंतु जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूजर या विशीतील ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने नकाशाच्या अंधाऱ्या भागांकडे लक्ष वेधले. सीरिया आणि अफगाणिस्तान यांसारख्या देशांत, जेथे स्थानिक लोक असे ॲप क्वचितच वापरतात, तेथे वाळवंटाच्या मधोमध लहान चौकोन आणि वर्तुळे लखलखत होती. ते परदेशी सैन्याचे तळ होते आणि त्या रेषा सैनिकांच्या रोजच्या धावण्याच्या वाटा होत्या. तळाची तटबंदी कोठे आहे, आतले रस्ते कसे आहेत, कोणत्या वाटेने नेहमी ये-जा होते, हे सारे व्यायामाची आवड असलेल्या माणसांनी स्वतःच्या मनगटावरील घड्याळांतून नोंदवले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या क्षेत्रांत स्थान नोंदवणाऱ्या उपकरणांच्या वापरावर बंदी घातली.

या घटनेचा लष्करी भाग सर्वत्र गाजला, पण सामान्य वाचकाच्या दृष्टीने तिच्यातील गणिती भाग अधिक महत्त्वाचा आहे. नावे काढून टाकून पुष्कळ लोकांच्या नोंदी एकत्र केल्या की कोणी ओळखू येत नाही, ही समजूत केवळ गर्दीत खरी असते. जेथे माणसे विरळ असतात, तेथे एकत्रित नोंद म्हणजे जवळजवळ एकट्याचीच नोंद असते. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर सकाळी धावणारा गर्दीत हरवतो, पण कोकणातील एखाद्या वाडीत सुट्टीला आलेला एकुलता एक धावपटू नकाशावर स्वतःच्या अंगणापासून रेघ ओढत असतो. शिवाय धावण्याची सुरुवात आणि शेवट बहुतेकांच्या घरी होतो, हे इतके उघड आहे की त्याकडे दुर्लक्ष होते. आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या तर घर कोठे आहे, ते किती वाजता रिकामे असते आणि कोणत्या दिवशी माणूस परगावी जातो, हे कळायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडत नाही. घराभोवतीचा भाग नोंदीतून वगळण्याची सोय अशा ॲपमध्ये असते, पण ती वापरणाऱ्याने आपणहून शोधून सुरू करावी लागते. २०२४ मध्ये फ्रान्समधील 'ल मोंद' या दैनिकाने राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्यासह काही बड्या नेत्यांच्या अंगरक्षकांच्या सार्वजनिक धावनोंदींवरून त्या नेत्यांच्या हालचाली ताडता येतात हे दाखवून दिले. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा धडा ज्यांच्या नोकरीचाच तो भाग होता, त्यांच्याही अंगवळणी पडलेला नव्हता.

नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी झाली, या मताला शास्त्रीय पुराव्याने आधीच धक्का दिलेला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इव्ह-अलेक्झांद्र द मोंजुआ आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या १५ महिन्यांच्या स्थाननोंदी तपासल्या, तेव्हा माणूस कोणत्या वेळी कोठे होता असे केवळ चार बिंदू कळले तरी ९५ टक्के लोक एकमेवपणे वेगळे काढता येतात असे आढळले. चार बिंदू म्हणजे फार काही नाही. घर, कार्यालय, रविवारचा नाट्यगृहातील प्रयोग आणि मुलाच्या शाळेतील पालकसभा एवढेच. ठिकाणाशी संबंध नसलेल्या छंदालाही हाच नियम लागू पडतो. नेटफ्लिक्स या कंपनीने २००६ मध्ये चित्रपटांची शिफारस अधिक चांगली करणारी पद्धत शोधण्यासाठी १० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली आणि स्पर्धकांना सुमारे ४ लाख ८० हजार सदस्यांनी दिलेले १० कोटी गुण, नावे गाळून, उपलब्ध करून दिले. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवले की एखाद्या सदस्याने दिलेले आठ गुण आणि ते दिल्याच्या ढोबळ तारखा कळल्या, त्यांतले दोन चुकले आणि तारखांत दोन आठवड्यांचा फरक पडला, तरी ९९ टक्के सदस्यांची नोंद त्या ढिगातून एकमेवपणे ओळखता येते. चित्रपटवेडे लोक इतर सार्वजनिक ठिकाणी स्वतःच्या नावाने मते मांडतच असतात. त्या उघड मतांशी हे निनावी गुण जुळवले की ज्या चित्रपटांविषयी त्यांनी जाहीरपणे काहीच म्हटलेले नाही, तेही हाती लागतात आणि त्यावरून राजकीय कल, धर्मविषयक भूमिका किंवा लैंगिक ओढ यांचे तर्क बांधता येतात. ठरलेली दुसरी स्पर्धा कंपनीने २०१० मध्ये रद्द केली. लोकप्रिय चित्रपट सारेच पाहतात. माणूस ओळखू येतो तो त्याच्या आडवाटेच्या आवडींवरून, आणि छंद ही तर आडवाटेच्या आवडीचीच दुसरी बाजू आहे. म्हणून छंदिष्टांच्या नोंदी इतरांपेक्षा लवकर उघड्या पडतात.

या प्रश्नावर सर्वांत समंजस तोडगा सरकारांनी किंवा मोठ्या कंपन्यांनी काढला नाही, तो निसर्गनिरीक्षकांनी काढला, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही. पक्षिनिरीक्षणाच्या नोंदींसाठी ईबर्ड ही व्यवस्था कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केली, आणि सर्व प्रकारच्या सजीवांसाठी आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाले. महाराष्ट्रातील कितीतरी हौशी निरीक्षक आज या दोन्हींवर नियमाने नोंदी करतात. या छंदात ठिकाण हा माहितीचा प्राण असतो. ते किती, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी शास्त्राला परिचित करून दिले, १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही, आणि रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या प्रसिद्ध ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे तो मिळवल्याचा दावा केला होता. पुढील शोध या दाव्यामुळे चुकीच्या दिशेने वळले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातड्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा पिसाऱ्याखाली कापूस भरण्याची आणि टाके घालण्याची पद्धत माइनर्ट्झहॅगन यांची नसून खानदेशात नमुने गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांची असल्याचे त्यांच्या लक्षात आले. नमुना चोरलेला होता आणि त्यावर खोटे ठिकाण लिहिलेले होते. खोटे ठिकाण बाजूला सारून त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढे मेळघाटात आणि मुंबईजवळ तानसा परिसरातही त्याची नोंद झाली. एका खोट्या पत्त्याने पाऊण शतकाहून अधिक काळ शास्त्राची दिशाभूल केली आणि खऱ्या पत्त्याने पक्षी परत मिळवून दिला.

परंतु तोच खरा पत्ता शिकाऱ्यालाही उपयोगी पडतो. भारतात घुबडांच्या शिकारीला आणि व्यापाराला कायद्याने बंदी असूनही अघोरी विधींसाठी ती पकडली जातात आणि दिवाळीच्या सुमारास हा धोका वाढतो, असा इशारा वन्यजीव संस्था दरवर्षी देतात. चीनच्या दक्षिण भागातील एका देखण्या पालीचे, गोनिउरोसॉरस लुई हिचे, वर्णन १९९९ मध्ये शास्त्रीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात दिलेल्या ठिकाणाच्या आधारे संग्राहकांसाठी प्राणी पकडणारे तेथे पोहोचले आणि मूळ ठिकाणाहून ती पाल नाहीशी झाली. पुढे तर ठिकाण मुद्दाम न छापण्याचा पर्याय शास्त्रज्ञ स्वीकारू लागले. २०१३ मध्ये पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्याकडून भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञाच्या ई-मेलवर येणारी स्थाननोंद मिळवण्यासाठी ते खाते पुण्यातून उघडण्याचा अनोळखी प्रयत्न झाल्याचे वृत्त आले होते. प्रयत्न फसला, पण रानातला वाघ शोधण्यासाठी आता रानात जावे लागत नाही, ही गोष्ट त्याने दाखवून दिली.

आयनॅचरलिस्टवरील तोडगा असा आहे. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातीचे नेमके अक्षांश-रेखांश आपोआप झाकले जातात आणि त्यांच्या जागी ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनातील एखादा यादृच्छिक, म्हणजे कोणताही नियम न लावता निवडलेला, बिंदू दाखवला जातो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर असा चौकोन प्रत्येक बाजूने सुमारे २१ ते २२ किलोमीटर भरतो. त्यामुळे सातपुड्याच्या कोणत्या पट्ट्यात रानपिंगळा आहे हे अभ्यासकाला आणि सामान्य वाचकालाही कळते, पण कोणत्या झाडाच्या ढोलीत आहे हे कळत नाही; खरे ठिकाण व्यवस्थेत सुरक्षित राहते आणि विश्वासातल्या संशोधकाला मागता येते. ईबर्डही संवेदनशील जातींच्या नोंदी मोठ्या चौकोनापुरत्याच दाखवते. येथे माहिती दडपलेली नाही आणि उधळलेलीही नाही. कोणाला किती बारकाईने सांगावे याचा विचार केलेला आहे. विशेष म्हणजे निरीक्षकाला हीच सोय स्वतःसाठीही वापरता येते. घराच्या गच्चीतल्या कुंडीवर आलेल्या फुलपाखराची नोंद करताना ठिकाण झाकले नाही, तर फुलपाखराबरोबर घराचा पत्ताही जगाला मिळतो. पक्ष्यासाठी जी काळजी निरीक्षक मनापासून घेतात, ती स्वतःसाठी घ्यायला ते पुष्कळदा विसरतात.

छायाचित्रांच्या बाबतीत हे विसरणे अधिक सहज घडते, कारण माहिती डोळ्यांना दिसत नाही. डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राशिवाय एक्झिफ नावाची नोंद असते. तिच्यात कॅमेऱ्याचा प्रकार, भिंग, तारीख, वेळ आणि फोनची स्थानसेवा चालू असल्यास अक्षांश-रेखांशही असतात. २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणारे संगणकक्षेत्रातील उद्योजक जॉन मॅकॅफी यांचे छायाचित्र एका नियतकालिकाने प्रसिद्ध केले, तेव्हा चित्रातील याच नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेल्या छायाचित्रातून ही नोंद गळून पडते, पण चांगली प्रत मिळावी म्हणून तेच 'डॉक्युमेंट' या पर्यायाने पाठवले की ती तशीच पुढे जाते. आणि छायाचित्रणाचा छंद असलेले लोक नेमका दुसरा पर्याय निवडतात.

याच्या अगदी उलट टोकाला हॅम रेडिओ हा छंद आहे, आणि खासगीपणाच्या चर्चेत त्याचा उल्लेख व्हायला हवा, कारण तेथे सारे उघड असणे हाच नियम आहे. हौशी रेडिओचालकाला भारतात परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना मिळवावा लागतो; त्याला व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे हाकचिन्ह, म्हणजे कॉल साइन, मिळते आणि बोलताना ते वारंवार सांगणे बंधनकारक असते. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्याची मुभा नसते आणि त्या लहरीवर संच लावलेला कोणीही संभाषण ऐकू शकतो. संपर्क झाल्याची पावती म्हणून क्यूएसएल कार्ड नावाची टपालकार्डे एकमेकांना पाठवली जातात. त्यांवर हाकचिन्ह, वारंवारिता, वेळ, संकेताची स्पष्टता आणि पत्ता असतो, आणि दूरदूरच्या बेटांवरून आलेली अशी कार्डे जुने हॅम अल्बममध्ये जपून ठेवतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या आपत्तींत, जेव्हा इतर संपर्कसाधने कोलमडतात, तेव्हा याच मोकळ्या व्यवस्थेचा उपयोग होतो. तरीही हॅम मंडळींना खासगीपणा हरवल्याची भावना होत नाही. त्यांना आरंभीच ठाऊक असते की सारे ऐकले जात आहे, म्हणून ते तेथे तेवढेच बोलतात. हवामान, ॲण्टेना, संच आणि प्रकृतीची चौकशी. नियम आधी कळलेला असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. फोनमधील ॲपने हे दोन्ही नाकारलेले असते: नियम पानोपानी पसरलेल्या अटींत दडलेला असतो, आणि वापरणारा उघडा पडत असताना ऐकणारा मात्र दिसत नाही.

मराठी समाजाला या साऱ्याशी जोडणारा सर्वांत जवळचा छंद म्हणजे कुलवृत्तांत. एखाद्या आडनावाच्या घराण्यातील हौशी, बहुधा निवृत्त, माणसे वर्षानुवर्षे खपून मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा आणि पिढ्या यांची जुळणी करतात. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळतात, जुने सरकारी दप्तर पाहतात, गावोगावी आणि आता अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत अर्ज पाठवतात आणि त्यांतून जाडजूड ग्रंथ उभा करतात. स्थलांतराचा, व्यवसायबदलाचा आणि स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला या ग्रंथांइतकी घरोघरची सामग्री अन्यत्र क्वचितच सापडेल, आणि हे काम कोणत्याही अनुदानावाचून झालेले आहे, याबद्दल या संकलकांचे ऋण मानायला हवे. पण अशा ग्रंथाचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. त्यावर हयात व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, राहता पत्ता, फोन, पत्नीचे माहेरचे नाव आणि गाव, मुलांची नावे आणि त्यांच्या जन्मतारखा ओळीने दिलेल्या असतात. ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी दूरध्वनीवर 'आईचे माहेरचे आडनाव सांगा' असे विचारण्याची पद्धत बँकांत वर्षानुवर्षे चालत आली; त्या प्रश्नाचे उत्तर येथे छापील स्वरूपात, तेही तीन पिढ्यांचे, मिळते. ग्रंथ पाचशे प्रतींचा होता आणि त्या घराण्यातच फिरत होता, तोपर्यंत त्याला प्रसंगाची मर्यादा आपोआप होती, जशी तीर्थोपाध्यायाच्या वहीला असते: आपले नाव, गाव आणि पूर्वजांची ओळख सांगणाऱ्या यजमानासमोर ती उघडली जाते. ग्रंथाची पाने स्कॅन होऊन व्हॉट्सॲपवर फिरू लागली आणि यंत्राला वाचता येऊ लागली की ही मर्यादा संपते, आणि ती संपल्याचे कोणाला कळतही नाही.

वंशावळीच्या छंदाचे पुढचे पाऊल पाश्चात्त्य देशांत पडलेले आहे. तेथे थुंकीचा नमुना पाठवून डीएनए तपासून घेणे आणि त्याच्या आधारे दूरचे नातलग शोधणे हा लाखो लोकांचा विरंगुळा झाला. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांतील अनेक खून आणि बलात्कारांचा आरोपी पकडला गेला तो अशाच एका हौशी संग्रहातून, जीईडीमॅचमधून. त्याने स्वतःचा नमुना कधी दिला नव्हता, पण दूरच्या नातलगांनी दिला होता. गुन्हेगार सापडला हे उत्तमच झाले. त्याच वर्षी यानिव एर्लिख आणि सहकाऱ्यांनी सुमारे १२ लाख ८० हजार लोकांचा संग्रह अभ्यासून दाखवले की युरोपीय वंशाच्या साधारण ६० टक्के लोकांचा खापरपणजोबा एक असलेल्या नात्यातील किंवा त्याहून जवळचा कोणीतरी अशा संग्रहात सापडू शकतो. २०२३ मध्ये ट्वेन्टीथ्रीअँडमी या कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोरट्यांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून शिरकाव केला आणि नातलग जोडून देणाऱ्या सोयीतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती उचलली. येथे 'माझी माहिती, माझी मर्जी' हे मतही अपुरे पडते. वंशावळ एकट्याची नसतेच. एकाने दिलेला होकार त्याच्या भावंडांचा, मुलांचा आणि ज्यांना तो कधी भेटलेलाही नाही अशा नातलगांचाही होकार होऊन बसतो.

कायद्याने यात काय केले आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतील विरुद्ध मत बाजूला सारले. त्यानंतर डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती कशासाठी घेतली जात आहे ते स्पष्ट शब्दांत सांगणे, संमती घेणे, संमती परत घेण्याची सोय देणे आणि सुरक्षिततेत मोठी कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, असा या कायद्याचा गाभा आहे. पण छंदांच्या दृष्टीने त्यातील दोन अपवाद निर्णायक आहेत. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेली नोंद कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली तिची माहितीही कक्षेबाहेर आहे. धावण्याची नोंद, पक्ष्याचे ठिकाण, चित्रपटाचे गुण, घरच्या गच्चीचे छायाचित्र, हे सारे लोक आपण होऊन जाहीर करतात; त्यामुळे कायद्याचे कवच जेथे सर्वाधिक लागेल, तेथेच ते पातळ होते. कायदे करणाऱ्यांनी 'जाहीर केले' याचा अर्थ 'कशासाठीही दिले' असा धरला, ही या कायद्यातील गंभीर उणीव आहे.

कुलवृत्तांतांची स्थिती मात्र थोडी निराळी आहे. घरगुती कामाची सूट व्यक्तीला दिलेली आहे. कुलवृत्तांत काढणारे घराण्याचे कुलमंडळ ही व्यक्ती नसून संस्था असल्याने तिला या सुटीचा आधार सहज घेता येणार नाही, आणि केवळ छापील असलेला ग्रंथ कायद्याबाहेर असला तरी तो डिजिटल केला की आत येतो. म्हणून जी कुलमंडळे जुन्या खंडांच्या डिजिटल आवृत्त्या किंवा नव्या पिढ्यांच्या पुरवण्या काढू पाहत आहेत, त्यांनी निसर्गनिरीक्षकांचा चौकोन आपल्या कामात आणावा. दिवंगत पिढ्यांचा वृत्तांत मोकळेपणाने प्रसिद्ध व्हावा, कारण इतिहासाला लागते ते त्यातच असते. हयात व्यक्तींच्या बाबतीत नाव, शाखा आणि गाव किंवा शहर एवढेच जाहीर असावे. जन्मतारीख, पत्ता, फोन आणि अठरा वर्षांखालील मुलांचे तपशील वेगळ्या नोंदवहीत राहावेत आणि ती मंडळाच्या सदस्याला ओळख पटवूनच पाहता यावी. दत्तकविधान, घटस्फोट आणि पुनर्विवाह यांचा उल्लेख ज्याचा त्याने ठरवावा. आणि आजवर घरातील कर्त्याने साऱ्या कुटुंबाचा एकच अर्ज भरून देण्याची जी पद्धत आहे, तिच्या जागी प्रत्येक सज्ञान व्यक्तीची स्वतंत्र सही घ्यावी, सासरी गेलेल्या मुलींचीही. अशा सह्या गोळा करण्यात बहुधा वर्ष-दोन वर्षे अधिक जातील आणि काही जण नकारही देतील. त्यांच्या जागी त्या पिढीत केवळ एक रिकामी रेघ छापावी लागेल, आणि संकलकांनी ती तशीच छापावी.